न दिसणाऱ्याचा हिशेब

आपण बाजारातून घरी येतो. ओट्यावर चहाच्या दोन कपबशा विसळायच्या पडलेल्या असतात. एका कपात तळाशी घोटभर चहा तसाच उरलेला. दाराशी ओल्या छत्रीचं पाणी ओघळलेलं. पिशवी खाली ठेवता ठेवताच आपण म्हणतो, "अगंबाई, वन्सं येऊन गेल्या वाटतं!" वन्संना आपण पाहिलेलं नसतं. पण त्या कधीच पुरता चहा पीत नाहीत, हे वर्षानुवर्षांचं ज्ञान आणि समोरच्या तीन खुणा, एवढ्यावर आपला निकाल लागतो. आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

आजचा विषय नावाने फार भारदस्त आहे. प्रचंड वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनच्या टकरी, आणि त्या टकरींतून निघणाऱ्या कणांची मोजणी. "हे आमच्या पुरवणीत कशाला?" असं कुणी विचारायच्या आधीच सांगते. तालुक्याच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. प्रकाशाचे नियम, विजेची मंडलं मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण जे डोळ्यांना दिसतच नाही त्याबद्दल किती खात्रीने बोलावं, हा धडा मला या प्रोटॉनच्या मोजणीइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे मिळाला नाही. आणि तो धडा प्रयोगशाळेपेक्षा आपल्या घरातच जास्त लागतो.

सत्तावीस किलोमीटरची प्रदक्षिणा

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराजवळ, फ्रान्सच्या सीमेवर 'सर्न' नावाची संस्था आहे. तिथे जमिनीखाली साधारण शंभर मीटर खोल एक गोल बोगदा आहे, २७ किलोमीटर घेराचा. या बोगद्यातल्या यंत्राला 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' म्हणतात, थोडक्यात एलएचसी. आत दोन नळ्या आहेत. एकीतून प्रोटॉन एका दिशेने पळतात, दुसरीतून उलट दिशेने. प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण. आपल्या शरीरात, पोळीत, पाण्यात, सगळ्यात तो आहे.

हे प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळतात. एका सेकंदात २७ किलोमीटरच्या अकरा हजारांहून जास्त फेऱ्या! त्यांना वळणावर वळवायला मोठमोठी विद्युतचुंबकं लागतात. मुख्य चुंबकांचीच संख्या १२३२ आहे, आणि ती उणे २७१ अंश सेल्सिअसला थंड ठेवावी लागतात. ठरावीक चार ठिकाणी दोन्ही झोत एकमेकांसमोर आणले जातात. तिथे टकरी होतात, सेकंदाला शंभर कोटींच्या आसपास.

आता गंमत ऐका. एवढा खटाटोप करून एका टकरीत ऊर्जा किती असते? २०१५ सालानंतरच्या टकरी १३ 'टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट'च्या होत्या, २०२२ पासून १३.६ च्या. एक टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे उडणाऱ्या एका डासाच्या अंगात असते तितपत ऊर्जा. म्हणजे टक्कर झाली डझनभर डासांच्या जोराची! फरक इतकाच, की ही ऊर्जा डासापेक्षा अब्जावधी पटींनी लहान जागेत कोंबलेली असते.

आणि त्या जागेत नवल घडतं. दोन मोसंबी एकमेकांवर आपटली तर फोडी आणि रस बाहेर येईल. इथे दोन मोसंबी आपटून मधून कलिंगड निघू शकतं! कारण आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे ऊर्जेतून वस्तुमान तयार होतं. टकरीआधी जे कण तिथे नव्हते, ते टकरीतून जन्माला येतात. त्यातले बरेचसे इतके अल्पायुषी, की जन्मले म्हणेपर्यंत मोडून त्यांचे दुसरे कण झालेले असतात. त्यांना पाहायचं कसं? पाहायचं नाहीच. वन्संसारखं, मागे काय राहिलं त्यावरून ओळखायचं.

कांद्यासारखे पदर

टकरीच्या जागेभोवती प्रचंड उपकरणं उभारलेली आहेत. त्यांतल्या दोन मोठ्यांची नावं 'अॅटलास' आणि 'सीएमएस'. सीएमएस १४ हजार टनांचं आहे. त्याची रचना कांद्यासारखी, पदरावर पदर. प्रत्येक पदराचं काम वेगळं.

सर्वांत आतला पदर सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचा. विद्युतभार असलेला कण त्यातून गेला की जिथे जिथे स्पर्श झाला तिथे बारीकसा संकेत उमटतो. ते ठिपके जोडले की कणाची वाट दिसते, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. हा पदर एका जबरदस्त चुंबकात आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे एक लाख पट. त्यामुळे वाट वाकते. धनभाराचा कण एकीकडे वाकतो, ऋणभाराचा दुसरीकडे. ज्याच्यात जोर कमी तो जास्त वाकतो, ज्याच्यात जोर जास्त तो जवळजवळ सरळ निघून जातो. वाट किती वाकली हे मोजलं, की कणाचा संवेग कळला. कणाला हात न लावता!

पुढच्या पदरात पंचाहत्तर हजारांवर स्फटिक आहेत. काचेसारखे पारदर्शक, पण पोलादाहून जड. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण इथे अडतात आणि स्फटिक क्षणभर उजळतो. किती उजळला त्यावरून ऊर्जा मोजायची. त्याच्या पुढचा पदर पितळेचा. प्रोटॉनच्या जातीचे दांडगे कण इथे थांबतात. या पितळेतलं बरंचसं रशियन नौदलाच्या तोफगोळ्यांची जुनी टरफलं वितळवून मिळवलेलं आहे, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. युद्धाचं पितळ शेवटी चांगल्या कामाला लागलं.

हेही पदर ओलांडून जाणारा एक कण आहे, म्यूऑन. त्याला पकडायला सगळ्यांत बाहेरचा पदर. म्हणजे कण कुठपर्यंत पोचला यावरूनच त्याची जात ठरते. आपल्याकडे पीठ, रवा, कोंडा चाळणीवर वेगळा करतात, तसंच हे.

जमाखर्च जुळला नाही तर

पण काही कण असे, की कुठल्याच पदरात थांबत नाहीत, कुठलीच खूण ठेवत नाहीत. न्यूट्रिनो त्यांतलाच. मग तो आला होता हे कळतं कसं?

हिशेबाने. दोन प्रोटॉन समोरासमोर येतात तेव्हा आडव्या दिशेला त्यांची धाव नसतेच म्हटलं तरी चालेल. म्हणजे आडव्या दिशेची बेरीज शून्य. निसर्गाचा नियम असा, की आधी शून्य असेल तर नंतरही शून्यच. टकरीनंतर डावीकडे जितका जोर गेला, तितकाच उजवीकडे जायला हवा. मोजलं आणि डावीकडे भरपूर दिसलं, उजवीकडे मात्र काहीच नाही, तर समजायचं, कुणीतरी गुपचूप उजवीकडून निसटलं.

घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. पाकिटात पाचशे होते, तीनशेचा खर्च लिहिलाय, उरले शंभर. मग शंभर गेले कुठे? नोट दिसत नाही, पण ती होती आणि गेली, याबद्दल आपल्या मनात शंका नसते. पाऊलीनामक शास्त्रज्ञाने १९३० मध्ये असाच न जुळणारा जमाखर्च पाहून न्यूट्रिनोची कल्पना मांडली. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ उजाडलं. २०२३ मध्ये तर एलएचसीच्या टकरींतून निघालेले न्यूट्रिनोही प्रथमच पकडल्याचं जाहीर झालं. वहीतली तूट खरी होती, हे असं सिद्ध झालं.

खात्री म्हणजे किती?

आता मुख्य मुद्दा. सगळ्या टकरी साठवून ठेवणं अशक्यच. प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना ओलांडतात. त्यातल्या साधारण एक लाख घटना यंत्र क्षणार्धात निवडतं, आणि संगणक त्यातल्याही हजारभरच ठेवून घेतात. बाकी सोडून द्यायच्या. निवडणं आलं की चुकीला वाव आलाच. म्हणून या लोकांनी स्वतःवरच कडक पहारे बसवले आहेत.

'हिग्ज बोसॉन'ची गोष्ट घ्या. (त्यातला 'बोसॉन' आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून बरं का!) साधारण शंभर कोटी टकरींमागे एखादा हिग्ज तयार होतो आणि लगेच मोडतो. हजारातून दोनएक वेळा त्याचे दोन प्रकाशकण होतात. पण असे दोन प्रकाशकण इतर कारणांनीही भरपूर निघतात. मग आलेख काढायचा. जोडीजोडीच्या ऊर्जेवरून मूळ कणाचं वस्तुमान काढून, कुठल्या आकड्यापाशी किती जोड्या आल्या ते मांडायचं. एका ठिकाणी गर्दी थोडी जास्त, असा छोटासा उंचवटा दिसला, तर तिथे काहीतरी आहे. किंवा नुसता योगायोग आहे!

यातलं ठरवायचं कसं? त्यांचा नियम असा: कण नसताना केवळ योगायोगाने इतका उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी झाल्याशिवाय 'शोध लागला' म्हणायचं नाही. म्हणजे नाणं उडवून सलग एकवीस-बावीस वेळा छापा पडण्यासारखं. शिवाय अॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी वेगवेगळं मोजायचं. आणि सर्वांत मला आवडलेली गोष्ट म्हणजे, पद्धत पक्की ठरेपर्यंत ज्या भागात हिग्ज असण्याची आशा होती तो आकड्यांचा भाग सीएमएसच्या लोकांनी स्वतःपासूनच झाकून ठेवला. आपल्याला जे हवंय तेच दिसू लागतं, हा माणसाचा स्वभाव. तो शास्त्रज्ञांनाही चुकलेला नाही. म्हणून आधी पद्धत ठरवायची, मग झाकण उघडायचं. जून २०१२ मध्ये ते उघडलं. ४ जुलै २०१२ रोजी दोन्ही गटांनी जाहीर केलं, प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड असा नवा कण सापडला आहे. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांना नोबेल मिळालं.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही उपकरणांत आणखी एका जागी उंचवटा दिसला, हिग्जच्या सहापट वस्तुमानापाशी. जगभर खळबळ उडाली. त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. पण मोजणाऱ्यांनी 'सापडला' म्हटलं नाही. "आणखी मोजू," म्हणाले. ऑगस्ट २०१६ पर्यंत कितीतरी जास्त टकरी मोजून झाल्या आणि उंचवटा विरून गेला. योगायोग होता. त्यांनी तसं सरळ सांगून टाकलं. कुणाची नाचक्की झाली नाही, कारण आधी कुणी छातीठोक दावा केलाच नव्हता.

ज्या दिवशी जग बुडणार होतं

याच यंत्राबद्दल दुसऱ्या बाजूने काय चाललं होतं, ते आठवतंय का? सप्टेंबर २००८. कितीतरी वृत्तवाहिन्यांवर दिवसरात्र एकच, १० सप्टेंबरला महाप्रयोग, कृष्णविवर तयार होणार, पृथ्वी गिळली जाणार. आमच्या गल्लीत भिशीला जमलेल्या बायका मला विचारत होत्या, "वहिनी, तुम्ही सायन्सच्या ना, मग खरं खरं सांगा, पोरांना शाळेत पाठवू का नको?" हसण्यावारी न्यावं असं वाटत होतं, तोच बातमी आली. मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने आपलं आयुष्य संपवलं होतं. टीव्हीवर जगाच्या अंताच्या बातम्या पाहून ती घाबरली होती, असं तिच्या वडिलांनी सांगितल्याचं छापून आलं होतं.

त्या वयाच्या मुली मी रोज वर्गात पाहत होते. कितीतरी दिवस ती बातमी डोक्यातून गेली नाही.

आणि खरी परिस्थिती काय होती? १० सप्टेंबर २००८ रोजी त्या यंत्रात टक्कर होणारच नव्हती. त्या दिवशी प्रोटॉनचा झोत नुसता गोल फिरवून पाहायचा होता! नऊ दिवसांनी दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा निकामी झाला, थंडाव्यासाठीचा हेलियम वायू बोगद्यात पसरला आणि यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं. पहिली टक्कर झाली नोव्हेंबर २००९ मध्ये. तेव्हा त्या वाहिन्या दुसऱ्या कुठल्या तरी अंताच्या मागे होत्या.

धोक्याचा विचार शास्त्रज्ञांनी केला नव्हता असंही नाही. अंतराळातून येणारे विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉनच. ते पृथ्वीच्या वातावरणावर सतत आदळतात, काही तर एलएचसीपेक्षा कितीतरी जास्त जोराने. सर्नने २००८ मध्येच हिशेब मांडला होता, की निसर्गाने आजवर पृथ्वीवर अशा सुमारे दहा लाख एलएचसींइतक्या टकरी करून झाल्या आहेत. तरी पृथ्वी आहे, आणि तिच्यावर आपण आहोत. हे साधं वाक्य त्या मुलीपर्यंत पोचलं नाही. तिच्यापर्यंत पोचला तो ठाम आवाज, मागे ढोल वाजवणारा.

मोजणाऱ्या बायका

एका ओळखीच्या बाई एकदा आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. "मॅडम, हिला बीएस्सीला फिजिक्सच घ्यायचंय. तुम्हीच समजवा. पुढे काय, मास्तरीणच ना?"

"मास्तरीण काय वाईट हो?" मी म्हटलं. त्या ओशाळून हसल्या. पण प्रश्न प्रामाणिक होता. मुलीच्या वडिलांना फी परवडत होती ती एकाच्याच शिक्षणाची, आणि धाकटा भाऊ पाठोपाठ होता.

मी तिला काही नावं सांगितली. बिभा चौधुरी, या क्षेत्रातल्या पहिल्या भारतीय स्त्री शास्त्रज्ञ. १९४० च्या आसपास डी. एम. बोस यांच्याबरोबर त्यांनी हिमालयाच्या उंचीवर छायाचित्राच्या काचा ठेवून विश्वकिरणांच्या खुणा मोजल्या. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळाल्या नाहीत आणि काम अडलं. पुढे तशाच पद्धतीच्या कामाला ब्रिटनमधल्या पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. बिभाताईंना होमी भाभांनी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घेतलं. त्या १९९१ मध्ये गेल्या, आणि २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' नाव मिळालं. संगणक हाताशी येण्याआधी सर्नमध्ये टकरींची लाखो छायाचित्रं टेबलावर पसरून, एकेक रेघ डोळ्यांनी तपासणाऱ्यांत मोठी संख्या बायकांचीच होती. त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

दुसरं नाव रोहिणी गोडबोले. पुण्यात वाढलेल्या, स. प. महाविद्यालयात आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या. प्रोटॉनच्या आणि इतर कणांच्या टकरींत काय दिसायला हवं, हे आधी गणिताने सांगायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक होत्या. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचं पुस्तकही त्यांनी २००८ मध्ये सहसंपादक म्हणून काढलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं. आणि ४ जुलै २०१२ ला अॅटलासच्या वतीने हिग्जचे आकडे मांडायला उभी राहिली तीही बाईच, इटलीची फॅबिओला जानोत्ती. शाळेत ग्रीक-लॅटिन शिकलेली, पियानो वाजवणारी. २०१६ ते २०२५ ती सर्नची महासंचालक होती.

आपल्या देशाचा हातही त्या यंत्रात आहे. चुंबकं केसभरही न हलता जाग्यावर बसावीत म्हणून त्यांच्याखाली जे सुमारे सात हजार जॅक आहेत, ते भारताने पुरवले. सीएमएसच्या एका पदरात टीआयएफआरचं काम आहे. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

त्या मुलीने फिजिक्स घेतलं. भावासाठी कर्ज काढावं लागलं, घरात कुरबुरी झाल्या, हे लपवत नाही. एमएस्सीनंतर ती एका बँकेत आकडेवारीचं काम करते. प्रोटॉनशी संबंध उरला नाही. पण मध्ये भेटली तेव्हा सांगत होती, "बाई, मीटिंगमध्ये कुणी ठासून आकडा सांगितला की मी विचारते, यात चूक किती असू शकते? सगळे गप्पच होतात."

"पण याचा आपल्याला उपयोग काय?" हा प्रश्न राहिलाच. आपल्या मोबाइलवरचं वेब १९८९ मध्ये सर्नमध्येच सुचलेलं. प्रोटॉनचा झोत कर्करोगाच्या गाठीवर नेमका सोडण्याचे उपचार आता आपल्याकडे खारघरच्या टाटा मेमोरियलच्या केंद्रातही होतात. पण मला विचाराल तर खरा उपयोग त्या मुलीच्या प्रश्नात आहे.

रोज सकाळी फोनवर काय काय येतं! अमुक पानाने साखर मुळासकट जाते, तमुक तारखेला प्रलय, या लशीने मुलं होत नाहीत. सगळं ठाम. २७ किलोमीटरच्या बोगद्यात कोट्यवधी टकरी मोजणारे लोक मात्र म्हणतात, "इतकी खात्री आहे, इतकी नाही." तेव्हा अशा प्रत्येक निरोपाला तीनच प्रश्न विचारायचे. कुणी मोजलं? किती वेळा मोजलं? दुसऱ्या कुणी वेगळं मोजून तेच आलं का? उत्तर नसेल तर तो निरोप पुढे पाठवायचा नाही. आणि घरात सोळा वर्षांची मुलगी असेल, तर हे तीन प्रश्न आजच तिच्याजवळ बसून तिला सांगा. ती घाबरेपर्यंत थांबू नका.